माशाच्या पुढे हातभर

२ मार्च

प्रिय जावईबापू,

‘जावईबापू’ ठेवावं की खोडावं, या विचारात सकाळचा चहा निवला. कोर्टाचा शिक्का पडल्यापासून कायद्याने तुम्ही माझे कोणी लागत नाही. पण कायद्याला मासे पकडता येत नाहीत, म्हणून शब्द ठेवला आहे.

फोन केला नाही याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने रचतो. त्यातून या घरात पुष्कळ भांडणं झाली आहेत, आणखी नकोत.

काल तळ्यावर जाऊन आलो. जुन्या पंपघरासमोरचा उथळ पट्टा उन्हाने कोमट झाला आहे, हात बुडवून पाहिला. कार्प मासे अजून खोल पाण्यातच आहेत, पण दोन-तीन पुढारी येऊन जागेची पाहणी करून गेले. थोड्याच दिवसांत सगळं बिऱ्हाड गुडघाभर पाण्यात येईल आणि डोकी चिखलात, शेपट्या वर, असं चरायला लागेल. आपल्या ‘हेडमास्तरां’ची ती लाल शेपटी यंदाही दिसेल अशी आशा आहे. गेल्या वर्षी त्यांनी तुमची गळाची माशी हुंगून तुमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरलेलो नाही.

आता मुद्दा. माझा डावा गुडघा कुरकुरायला लागला आहे, पाण्यात उतरणं माझ्याने व्हायचं नाही. पण बांधावर उभा राहू शकतो. म्हणजे पाण्यात तुम्ही आणि बांधावर मी, दरवर्षीसारखंच. परवा शेजारच्या न्हाव्याला ही आपली पद्धत समजावून सांगितली तर तो हसत सुटला. एकाने उंचावरून पाहायचं आणि दुसऱ्याने पाण्यात उभं राहून, न पाहता, पिसांची खोटी माशी टाकायची, हे त्याच्या डोक्यात शिरेना. कार्प ती माशी चूळ भरल्यासारखी तोंडात घेतो आणि थुंकतो, हाताला काही म्हणता काही कळत नाही, वरून बघणाऱ्यालाच कळतं, हे त्याला पटेना. मासे धरणारे मला पुष्कळ भेटले. पण मी ‘आता’ म्हटल्यावर का आणि कशाला न विचारता गळाची काठी उचलणारा एकच बगळा भेटला.

तुमची काठी माझ्या पॅसेजमध्ये आडवी टांगलेली आहे. खिळा जरा खाली ठोकला गेल्यामुळे मला तिच्याखालून वाकून जावं लागतं. तुम्ही आला नाहीत तर मी यंदा तळ्यावर जाणार नाही. हे रागाने लिहीत नाही. एकट्याने जाऊन करायचं काय?

तुमचा,
नाना

९ मार्च

ती. नाना,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून आधी वाटलं, काठी घेऊन जा असं लिहिलं असेल. तसं असतं तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटलं.

माझी खोली लाँड्रीच्या वर आहे. फरशी नेहमी कोमट असते, हिवाळा मजेत गेला. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, संध्याकाळी दोन जिने पायांनी चढतो. रात्रीचं जेवण झालं की माश्या बांधत बसतो. लिफ्टच्या जळालेल्या मोटरीतून निघालेली तांब्याची बारीक तार गळाला गुंडाळली की माशी नीट बुडते आणि आवाज होत नाही. यंदा तपकिरी जास्त बांधल्या आहेत. कुठे टाकायच्या ते ठरलेलं नव्हतं, नुसत्या बांधत होतो.

इथला माझा सहकारी म्हणतो, संबंध संपला की सगळाच संपवावा, सासऱ्यासकट. तो शहाणा आहे. मी सगळं एकेक करून आवरून ठेवलं आहे, नाना. फोटो दिले, तिची पुस्तकं पोचवली, झोपेत हाक मारायची सवयही गेली. फक्त तुमचं काय करायचं, ते कळलं नाही. त्यासाठी काही शब्दच नाही. ‘माजी सासरे’ म्हटलं की एखादे निवृत्त मंत्री वाटता.

दोन गोष्टी विचारतो. तिला हे कळवलं आहे का? तिची हरकत असेल तर मी येणार नाही. आणि बांधावर तुम्हीच असाल ना? तुम्ही असाल तर येतो. रविवारी मला सुट्टी असते.

तुमचा,
बगळा

ता. क. तुम्ही करून दिलेला पाण्यावरची चकाकी कापणारा चष्मा अजून शाबूत आहे. दुकान बंद केलंत तरी तुमच्या हातची काच टिकून आहे.

१२ मार्च

बाळ,

तुझा फोन आला होता असं घड्याळाशेजारच्या त्या डबड्यावर दिसलं. मी दाढी करत होतो.

पत्राचं कारण असं की हा सोडून पुढच्या रविवारी तू इकडे यावंस. कार्प उथळ्यात आले आहेत. गुडघ्याची तक्रार असली तरी एकदा पाण्यात उतरावं असं मनात आहे, म्हणून बांधावर पाहायला कोणीतरी भरवशाचं हवं. तुझ्या आईनंतर पाण्यात पाहणारं तुझ्यासारखं कोणी झालं नाही. दिवसभर लोकांच्या हाडांच्या करड्या सावल्या पाहायच्या, हे तुझं कामच आहे. चिखलातला मासा तुला सोपा.

घरी येऊ नकोस, तो उलटा फेरा पडेल. पहिल्या बसने थेट पंपघरापाशी उतर, मी तिथेच भेटतो.

नाना

१५ मार्च

प्रिय नाना,

येते. मलाही तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती पत्रात किंवा फोनवर नको, समोर बसून सांगेन. ऐकून आधी रुसाल आणि मग खूश व्हाल, या क्रमाने.

गुडघ्याचं म्हणाल, तर दिवाणखान्यातल्या कपाटावरून पडलात तेव्हा मीच काढलेला एक्स-रे माझ्याकडे आहे. त्यात तुमचा गुडघा तुमच्यापेक्षा तरुण दिसतो. तरी पाण्यात उतरू नका. मी आल्यावर बघू.

तुमची,
मी

१७ मार्च

प्रिय जावईबापू,

ठरलं तर मग. रविवारी ऊन वर आलं की पंपघरापाशी या. काठी मी आदल्या दिवशीच नेऊन ठेवतो, वेताच्या पेटीत पाण्याची बाटलीही ठेवीन.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. तिला कळवलं आहे. तिची काही हरकत नाही. आणि बांधावर मीच, दुसरं कोण असणार?

येताना दाढी करून या. हेडमास्तरांना अव्यवस्थितपणा खपत नाही.

नाना

२३ मार्च

ती. नाना,

तुमचा गुडघा कसा आहे?

मी पोचलो तेव्हा बांधावर कोणीतरी पाठमोरं उभं होतं. डोक्यावर तुमची टोपी नव्हती, एवढं लांबूनही दिसलं. जवळ गेल्यावर आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, नाना कुठे आहेत? मग दोघांनाही कळलं. तुम्ही दाढी करून यायला का सांगितलं होतंत, तेही मला कळलं.

ती परत जायला निघाली होती. परतीची बस दुपारी होती, आणि घोटाळा असा झाला की समोर मासे होते. तुम्ही म्हणता तसं सगळं बिऱ्हाड. पाण्यात जागोजागी चिखलाचे ढग उठत होते आणि त्यांतून शेपट्या वर येत होत्या. तिने पाहिलं, मी पाहिलं. ती म्हणाली, आलोच आहोत तर एक मासा बघू. मी बूट काढले.

तो एक तास तुम्हाला सांगायलाच हवा. तुमच्यामुळेच तो मिळाला. मी उन्हाकडे पाठ करून हळूहळू आत गेलो, टाच न उचलता. चष्मा असूनही त्या कोनातून मला नुसता उजेड दिसत होता. ती वरून सांगत होती, डावीकडे, अजून डावीकडे, दोन काठ्या लांब, तोंड तुझ्याकडे आहे, त्याच्या पुढे हातभर टाक. मी टाकली. बराच वेळ काहीच नाही. मग ती अगदी हळू म्हणाली, “आता.” मी काठी उचलली आणि सगळं तळं हाताला लागलं.

हेडमास्तरच होते, नाना. लाल शेपटी. दोनदा खोल पाण्याकडे पळाले आणि दोनदा परत आणले. ती चपलांसकट पाण्यात उतरली आणि तिने जाळी धरली. दोघांनी मिळून त्यांच्या ओठातून माशी काढली आणि त्यांना सोडून दिलं. ती हसत होती. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं आणि ते माझ्यासाठी आहे असं मी धरून चाललो.

मी विचारलं, “आपण परत सुरुवात करू या का?”

तिने हात पाण्यातून काढले आणि रुमालाला पुसले, एकेक बोट. मग म्हणाली की तिला समुद्रापलीकडच्या एका मोठ्या इस्पितळात नोकरी लागली आहे, मे संपताना जाणार आहे, आणि ते तुम्हाला सांगायला ती आली होती. मी म्हणालो, मला का नाही कळवलंस? ती म्हणाली, “तुला कळवायची आता गरज नाही रे.” रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर सोपं गेलं असतं.

ते बरोबरच आहे तिचं. चूक माझी झाली. पण मी हिवाळाभर आवरून ठेवलेलं सगळं आता परत खोलीभर पसरलं आहे.

काठी पंपघरात दाराआड ठेवली आहे.

बगळा

२६ मार्च

नाना,

त्या दिवशी घरी आले नाही, कारण आले असते तर ओरडले असते आणि तुम्ही ऐकू येत नाही असं सोंग केलं असतंत. म्हणून लिहिते.

मला लहानपणी बांधावर उभं करून तुम्हीच शिकवलंत, माशाच्या डोक्यावर कधी टाकायचं नाही. त्याच्या पुढे हातभर टाकायचं, आणि यायचं की नाही ते त्याला ठरवू द्यायचं. डोक्यावर टाकलं तर एक बुजतो आणि त्याच्याबरोबर सगळा पट्टा रिकामा होतो. तुम्ही आम्हा दोघांच्या डोक्यावर टाकलंत.

त्याचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत. मी पाहिला. बरा झाला होता तो, नाना. मी बांधावर पाठमोरी होते, तेव्हा तो शीळ घालत येताना मागून ऐकू आला. तुम्हाला भेटायला येत होता म्हणून.

आणि हे माझ्या भल्यासाठी केलं असं कृपा करून लिहू नका. आम्ही वेगळे होतोय हे मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात, आठवतं? माझं काय झालं, का झालं, काही नाही. तुम्ही विचारलंत, “मग वसंतात तो येईल ना?” तुम्हाला माझा संसार सांधायचा नव्हता. तुम्हाला तुमचा जोडीदार परत हवा होता, आणि मी गळ होते.

निघायच्या आधी येऊन जाईन. रागावले आहे, पण येईन. तुमच्या औषधांच्या गोळ्या डाव्या खणात हलवल्या आहेत का ते बघायचं आहे.

मी

११ एप्रिल

प्रिय जावईबापू,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीच्या तिन्हींत गुडघा येत होता. या वेळी तो वगळला आहे, त्याला काहीही झालेलं नव्हतं.

त्या रविवारी मी घरात खिडकीपाशी बसलो होतो. खरं सांगायचं तर खूश होतो. दोघं एकत्र बसमधून उतरतील, जिन्यात दोघांची पावलं वाजतील, आणि मी लटक्या रागाने दार उघडीन, असं ठरवून बसलो होतो. भांड्यात तिघांचा भात टाकला होता. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही, तेव्हा कुठे माशी शिंकली ते हळूहळू लक्षात यायला लागलं.

मुलीचं पत्र आलं. ती म्हणते ते खरं आहे. मला वाटत होतं, तुम्ही माझ्याकडे येता ते जावई म्हणून. ते नातं गेलं की येण्याचं कारण गेलं. मग हा माणूस एका म्हाताऱ्या चष्मेवाल्यासाठी सुट्टीचा दिवस का घालवेल? म्हणून आधी नातं जोडायला निघालो. आयुष्यभर लोकांना जवळचं दिसत नाही म्हणून चष्मे करून दिले आणि स्वतः असा आंधळा.

तळ्यावर जाऊन काठी घेऊन आलो. पट्टा रिकामा होता.

तुमची क्षमा मागतो. उत्तर आलं नाही तरी समजेन.

नाना

३ जून

प्रिय जावईबापू,

ती गेली. विमानतळावर तिने मला खांद्याला धरून सरळ उभं केलं आणि म्हणाली, वाकून चालू नका. मग काचेच्या दारातून आत गेली. मागे वळून पाहिलं तिने, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्हाला सांगणं योग्य आहे की नाही, ते मला आता कळत नाही.

माझ्या मागच्या पत्राचं उत्तर नाही, ते ठीकच आहे. पत्ता बदलला असेल तर टपालवाला हे परत आणून देईल. नाही आणलं तर समजेन की पोचलं.

नाना

२४ फेब्रुवारी

ती. नाना,

दोन्ही पत्रं पोचली होती. उत्तर द्यायला वर्ष गेलं. मी बोलायला मंद आहेच, लिहायलाही निघालो.

पत्ता आता बदलला आहे. कंपनीने या मोठ्या शहरात पाठवलं, मीच मागून घेतलं. इमारती इतक्या उंच आहेत की वरच्या मजल्यावर जाईपर्यंत लोक एकमेकांची ओळख करून घेतात. गावाबाहेर एक तळं आहे. त्यातही कार्प आहेत, आणि गेल्या दोन आठवड्यांत ते उथळ्यात यायला लागले आहेत. एकटाच जातो. मासा दिसतो, माशी नीट पडते, मासा वळतोही. पण तो ती तोंडात कधी घेतो ते मला वेळेत दिसत नाही. मी काठी उचलतो तेव्हा त्याने ती थुंकलेली असते. माझ्या डोळ्यांचा नंबरही बदलला होता. इथल्या दुकानातून नवा चष्मा करून घेतला. बरा आहे.

मी रागावलेलो नाही. राग असता तर तो मे महिन्यापर्यंत संपला असता. लिहायचं होतं ते दुसरंच काहीतरी.

तुम्ही लिहिलंत की जावई म्हणून येत होतो असं तुम्हाला वाटलं. नाना, जावई मी बेताचाच होतो, ते तुमच्या मुलीला विचारा. पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलंत, पाण्यात तुम्ही आणि बांधावर मी. मी तेवढ्या एका ओळीवर निघालो होतो. तिच्यासाठी नव्हतो येत. तुमच्याकडे गळ नव्हता, आमिष नव्हतं, नातं नव्हतं, तरी येत होतो. नुसतं ‘ये’ म्हटलं असतंत तर दर वसंतात आलो असतो, तुम्ही बांधावर खुर्ची टाकून बसला असतात तरी.

आता आलो तर आधी बांधावर कोण उभं आहे ते बघेन. तुम्ही दिसलात तरी, दुसरं कोणी नाही ना, हे मागे वळून बघत राहीन. आणि पाण्यात उभं राहून मागे वळणाऱ्याला मासा मिळत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत.

तब्येतीला जपा.

तुमचा,
बगळा

६ मार्च

अरे बगळ्या,

पाण्यात उतरल्यावर मी तुला नेहमी अरे-तुरे करायचो आणि बांधावर आलास की पुन्हा जावईबापू. आता ना पाणी ना बांध, पण हे पत्र अरे-तुरेनेच लिहितो. जावईबापूंना लिहिलेल्या पत्रांनी घात केला.

काल तळ्यावर गेलो. न्हाव्याने त्याच्या गाडीतून नेलं आणि बांधावर खुर्ची टाकून दिली. ऊन चांगलं होतं. हेडमास्तर आले, ओठावर तुझ्या गळाची बारीक खूण आहे. ते थेट पंपघरासमोर आले, शेपटी वर करून चरायला लागले, आणि एका जागी त्यांनी डोकं असं वळवलं की माझ्या तोंडून “आता” निघून गेलं. न्हावी म्हणाला, कोणाला सांगताय? पाण्यात कोणी नव्हतं. मासा चरत राहिला.

नुसतं ‘ये’ म्हणायला हवं होतं, असं तू लिहिलंस. ये. एवढं एक अक्षर लिहायला मला वर्ष लागलं आणि तेवढ्यात तू लांब गेलास. बांधावर मी असेन, दुसरं कोणी नसेल. हेच मी मागेही लिहिलं होतं, म्हणून तू यावर विश्वास ठेवावास असं मी म्हणू शकत नाही.

डावा गुडघा या वेळी खरंच गेला आहे. मुलीने तिकडून डॉक्टरला दमात घेऊन एक्स-रे काढायला लावला, त्यात आता तो माझ्याइतकाच म्हातारा दिसतो. हे कारण म्हणून लिहीत नाही, तुला दुसरीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

काठी पॅसेजमध्ये तिथेच आहे. न्हावी म्हणाला, खिळा वर ठोकून देतो, तुम्हाला वाकायला त्रास होतो. मी त्याला राहू दे म्हटलं.

नाना